कंपनीच्या जमाखर्चाची वही : डॉ. आंबेडकरांचा एम.ए.चा प्रबंध धाराशिवहून वाचताना

आज चर्चेला घेतलेलं लेखन रूढ अर्थाने पुस्तक नाही. एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या पदवीसाठी लिहिलेला चाळीसेक पानांचा तो प्रबंध आहे. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर, वय २४. विद्यापीठ न्यूयॉर्कचं कोलंबिया. प्रबंधावरची तारीख १५ मे १९१५. विषय 'ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था'.

बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रीय लेखनाचं नाव निघालं की आपण 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथापाशी जातो. ते बरोबरच आहे. पण हा पहिला प्रबंध आपण फारसा वाचत नाही. कित्येक वर्षं तो अप्रकाशितच होता. वसंत मून यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी सहाव्या खंडात तो आला. त्याच खंडात पुढचे दोन मोठे ग्रंथ आहेत, त्यामुळे वाचणारा बहुधा याची पानं उलटून पुढे जातो.

आम्ही तो आज मुद्दाम घेतला, त्याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून आपल्याकडे एम.ए.ला संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प हे अभ्यासक्रमाचेच भाग झाले. म्हणजे धाराशिवला, तुळजापूरला, कळंबला, उमरग्याला अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आता एक छोटा प्रबंध लिहायचा आहे. तो कसा लिहायचा, याचा नमुना कुठे शोधायचा? आमचं म्हणणं असं की एक चांगला नमुना हा आहे. त्याचे गुण घेण्यासारखे आहेत आणि त्यातल्या उणिवाही शिकण्यासारख्या आहेत. आम्ही दोन्ही मांडणार आहोत. थोरांच्या लेखनाची नुसती आरती करायची असेल तर व्याख्यानाची गरज नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले. कोलंबियातल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच-जर्मन. २९ हा आकडा लक्षात ठेवा. तिथे सार्वजनिक आयव्यय शिकवायला एडविन सेलिग्मन होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत कराघात, करसंक्रमण, करभार असे तीन शब्द येतात ना? सरकारने कर एकावर लावला, त्याने तो दुसऱ्यावर ढकलला आणि शेवटी ओझं तिसऱ्याच्याच डोक्यावर गेलं. या सगळ्या चर्चेला ज्यांनी शिस्त लावली त्यांत सेलिग्मन पुढचे. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा कंपनीच्या वहीकडे कसा बघेल, याचा अंदाज इथूनच येतो.

आता प्रबंधाची रचना पाहू. प्रबंधाचा काळ १७९२ ते १८५८. सुरुवात आकड्यांनी होत नाही, कारभाराने होते. भागधारकांची सभा, संचालक मंडळ, वर पार्लमेंटने बसवलेलं नियंत्रण मंडळ, खाली गव्हर्नर जनरल. निर्णय कोण घेतं, त्याला कोण विचारू शकतं, हे आधी. मग जमीन महसुलाच्या पद्धती : जमीनदारी, ग्रामपद्धती, रयतवारी. मग उत्पन्नाच्या बाबी : जमीन, अफू, मीठ, जकात आणि इतर. मग खर्च : सैन्य, व्याज, कारभार, आणि उरलंसुरलं सार्वजनिक कामांना. शेवटी कर्ज, आणि १८५८ मध्ये कंपनी गेल्यावर त्या कर्जाचं काय झालं ते.

हा क्रम साधा दिसतो. पण यातच प्रबंधाची पहिली मोठी जमेची बाजू आहे. आपल्याकडचे प्रकल्प बहुतेक वेळा व्याख्यांनी सुरू होतात. 'वित्त म्हणजे काय? अमक्याच्या मते... तमक्याच्या मते...' पाच व्याख्या, आणि त्यांचा पुढे कुठेच उपयोग नाही. आंबेडकर व्याख्येत अडकत नाहीत. पैसा कुणाच्या हातात आहे हे ते आधी सांगतात, कारण ते कळल्याशिवाय जमाखर्चाच्या आकड्यांना अर्थ येत नाही. लंडनमध्ये बसलेला भागधारक लाभांश मागतो आणि त्या लाभांशाची सोय बंगालमधला किंवा मद्रासमधला शेतकरी करतो. या दोघांना जोडणारी जी साखळी आहे तिचं नाव कारभार. शीर्षकात 'कारभार' आधी आणि 'वित्त' नंतर आलं आहे, ते उगीच नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे प्रश्न. पूर्ण प्रबंधात तीनच प्रश्न फिरून फिरून येतात. पैसा कुणाकडून घेतला? कशावर खर्च केला? आणि जे फिटलं नाही त्याचं ओझं कुणावर सरकवलं? एवढंच. पण हे तीन प्रश्न कंपनीला विचारले की काय दिसतं बघा. उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग जमिनीतून, म्हणजे शेतकऱ्याकडून. त्याखालोखाल अफू आणि मीठ. मीठ गरीब माणूसही तेवढंच खातो. खर्चात सैन्याचा वाटा सगळ्यांत मोठा. कालवे, रस्ते, तलाव यांच्या वाट्याला फारच थोडं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा उलगडून सांगायला हवं, कारण एम.ए.च्या वर्गात शिकवण्यासारखा तो एक उत्तम व्यवहार आहे. १८३३ च्या चार्टर कायद्याने कंपनीचा व्यापार बंद केला. आता व्यापारच नाही तर भागधारकांना नफा कुठून? पार्लमेंटने ठरवलं की ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार पौंड लाभांश मिळत राहील आणि तो भारताच्या महसुलातून दिला जाईल. आणि पुढे हे भाग विकत घ्यायचे झाले तर १०० पौंडांच्या भागाला २०० पौंड द्यायचे. म्हणजे धंदा बंद, नफा चालू आणि मुद्दलाच्या दुप्पट परतफेड. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य राणीकडे गेलं तेव्हा हे देणं आणि इतर सारं कर्ज भारताच्या नावावर कायम राहिलं. हे कर्ज सुमारे सात कोटी पौंडांच्या घरात होतं आणि १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्चही त्यात होता.

आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर जमीन दुसऱ्याने कसली, पीक दुसऱ्याने नेलं आणि बोजा आपल्या सातबाऱ्यावर चढवला. प्रबंधाच्या शेवटी आंबेडकर हीच तुलना करतात : भारताने इंग्लंडला काय दिलं आणि इंग्लंडने भारताला काय दिलं. पहिलं प्रचंड, दुसरं जवळजवळ शून्य. सबंध लेखनात त्यांचा आवाज इथेच पहिल्यांदा चढतो. आधीची तीस-पस्तीस पानं आकडे मांडल्यावर तो चढलेला असल्याने ऐकणाऱ्याला तो पटतो.

इथे एक शंका रास्त आहे. यात नवीन काय? दादाभाई नौरोजींचा ग्रंथ १९०१ चा. रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहास १९०२ आणि १९०४ चा. भारतातून पैसा इंग्लंडला वाहून जातो हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. खरं आहे. निष्कर्ष नवा नाही, आणि एम.ए.च्या प्रबंधाकडून तशी अपेक्षाही नसते. पण मांडणीत फरक आहे. दादाभाई आणि दत्त राज्यकर्त्यांना पटवायला लिहितात. त्यांच्या लेखनात एक फिर्याद आहे. हा विद्यार्थी हिशेब तपासनिसासारखा लिहितो. संस्था कशी चालते, कर कसा बसतो, कर्ज कसं वाढतं, हे एकेक करून दाखवतो आणि निवाडा शेवटासाठी राखून ठेवतो. प्रकल्प लिहिणाऱ्याने उचलावी अशी ही सवय आहे.

आता उणिवा.

पहिली उणीव म्हणजे उतारे. प्रबंधात सरकारी अहवालांतले, अधिकाऱ्यांच्या लेखनातले लांबलांब उतारे आहेत. काही पानांवर विद्यार्थी जवळजवळ दिसतच नाही, दुसरेच बोलतात. एम.ए.च्या वयात हे होतं. आपण वाचलंय हे दाखवायचं असतं आणि आपल्या शब्दांवर अजून भरवसा नसतो. पण उताऱ्याने पुरावा मिळतो, युक्तिवाद मिळत नाही, हे यातून लक्षात येतं. आंबेडकरांचं नंतरचं लेखन याच्याशेजारी ठेवून वाचा. तिथेही उतारे आहेत, पण ते आले की लगेच त्यांची उलटतपासणी होते.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. प्रबंध सगळ्या ब्रिटिश भारताचा एकत्रित हिशेब मांडतो. त्यामुळे चित्र मोठं दिसतं, पण जिल्हा दिसत नाही. आणि इथे आपल्या धाराशिवची गोष्ट सांगायला हवी, कारण ती बरोबर याच काळातली आहे.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता हे सर्वांना माहीत आहे. मधली सात वर्षं तो निजामाच्या हातात नव्हता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कंपनीने हैदराबाद संस्थानात 'कंटिंजंट' नावाचं सैन्य उभं केलं होतं. अधिकारी कंपनीचे, हुकूम कंपनीचा, पगार निजामाने द्यायचा. पगार थकत गेला, कंपनी उसनवारी देत गेली, उसनवारीचं कर्ज झालं. शेवटी डलहौसीच्या काळात, मे १८५३ मध्ये तह झाला आणि या सैन्याच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा हा मुलूख कंपनीच्या ताब्यात देण्यात आला. म्हणजे चक्क तारण. कर्ज घेणारा निजाम, कर्ज देणारी कंपनी, कर्जाचं कारण कंपनीनेच ठेवलेलं सैन्य, आणि गहाण पडली ती इथली जमीन नि इथला महसूल.

या मुलखाचा कारभार पाहायला आला फिलिप मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे प्रसिद्ध असलेला. त्याचं ठाणं नळदुर्गला होतं. त्याचं आत्मचरित्र १८७७ मध्ये निघालं, त्यात इथल्या दिवसांचं वर्णन आहे. रस्ते, जमिनीची मोजणी, महसुलाची घडी. टेलर माणूस म्हणून कष्टाळू होता, लोकांत मिसळणारा होता. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ही मोजणी कशासाठी? तारणाची किंमत ठरवल्याशिवाय सावकाराला झोप लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पुढे १८६० मध्ये नवा तह झाला. धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने गेलं. त्या १८६० च्या तहातलं एक कलम आम्हाला सगळ्यांत बोलकं वाटतं. १८५३ च्या तहाप्रमाणे घेतलेल्या मुलखाचा जमाखर्च निजामाला दाखवायचा होता. १८६० मध्ये निजामाने तो हक्क सोडला. इथून पुढे हिशेब मागायचा नाही. कर्जमाफी मिळाली, पण वही बंद झाली.

आता हा सगळा व्यवहार आंबेडकरांच्या प्रबंधाच्या काळात, १७९२ ते १८५८ मध्ये, जवळजवळ पूर्ण बसतो. तरीही एकत्रित आकड्यांच्या तक्त्यात तो सापडणं शक्य नाही. तिथे महसुलाची एक बेरीज असते, त्यात नळदुर्गच्या रयतेचा सारा कुठे बसला हे कळत नाही. बेरीज आवश्यक असते, पण ती माणसं झाकते. आम्ही याला प्रबंधाचा दोष म्हणणार नाही, ही त्याची मर्यादा आहे. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात बसून लंडनचे छापील अहवाल वाचणाऱ्याला जिल्हा दिसत नाही. धाराशिवला बसलेल्याला तो दिसू शकतो. ही सोय आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नव्हती.

तिसरी उणीव सगळ्यांत खोल आहे. वहीत जे लिहिलेलं असतं तेच या प्रबंधात येतं. पण गावगाड्यात असा मोठा व्यवहार होता जो कुठल्याही वहीत नव्हता. महार वतनाचं उदाहरण घ्या. सरकारी कामासाठी निरोप पोचवणं, महसुलाचा ऐवज ठाण्यात नेणं, आलेल्या अंमलदाराची व्यवस्था पाहणं, रात्री-अपरात्री राबणं. मोबदला काय, तर थोडी इनाम जमीन आणि गावाकडून मिळणारं बलुतं. आता हेच काम पगारी माणसांनी केलं असतं तर सरकारच्या खर्चात केवढी तरी रक्कम दिसली असती. ती दिसत नाही, कारण तो खर्च एका जातीच्या अंगावर ढकललेला होता. सार्वजनिक आयव्ययाच्या भाषेत हा करच आहे. फक्त तो पैशात नाही, श्रमात घेतला जातो, आणि जन्म बघून बसवला जातो.

१९१५ च्या प्रबंधात हा कर नाही. जात हा विषयच त्यात नाही. नवल असं की पुढच्याच वर्षी, मे १९१६ मध्ये, त्याच कोलंबियात याच विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो आज जगभर वाचला जातो. म्हणजे एका टेबलावर वित्ताची वही आणि दुसऱ्या टेबलावर जातीचा निबंध, असं काही काळ चाललं. दोन्ही एकत्र आली ती नंतर, आणि ती ग्रंथालयात नव्हे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आंबेडकरांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. आणि १९४१ च्या फेब्रुवारीत ते आपल्याकडे कसबे तडवळ्याला आले, ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. आपल्या जिल्ह्यात त्या परिषदेची आठवण आजही अभिमानाने काढली जाते. आम्ही त्यात एक पुस्ती जोडू : ती परिषद अर्थशास्त्राचीही होती. राबणुकीचा मोबदला कोण देणार, जमिनीवर किती आकार बसणार, हे प्रश्न सेलिग्मनच्या वर्गातलेच आहेत. ते कसबे तडवळ्यापर्यंत यायला पंचवीस वर्षं लागली, एवढंच.

तर मंडळी, प्रबंधाचं मोल एका वाक्यात सांगायचं तर ते असं : प्रश्न पक्के, पुरावा छापील, नजर वरून. पदवी मिळायला हे पुरलं. पण लिहिणारा तिथे थांबला नाही, म्हणून आज आपण हा प्रबंध वाचतो आहोत. पुढचे टप्पे भराभर बघू.

१९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा लेख आला. तेव्हा सगळे म्हणत होते, तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल. त्यांनी विचारलं, क्षेत्र लहान की मोठं हे कशाच्या तुलनेत ठरवायचं? जमिनीबरोबर भांडवल किती, अवजारं किती, माणसं किती, हे बघितल्याशिवाय ठरत नाही. खरा रोग म्हणजे शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार, आणि त्यावर उपाय उद्योगधंद्यांची वाढ. भूम, वाशी, कळंबकडून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा लेख शंभर वर्षांपूर्वीचा वाटणार नाही. इथे नजर खाली, शेतापर्यंत आली.

१९२३ मध्ये 'रुपयाचा प्रश्न'. पहिल्या प्रबंधात रुपया हे मोजायचं माप होतं. इथे त्या मापालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. केन्सचं १९१३ चं पुस्तक सुवर्ण विनिमय पद्धतीच्या बाजूचं. त्याच्या विरुद्ध आंबेडकर उभे राहिले, कारण त्या पद्धतीत चलन फुगवणं सरकारच्या मर्जीवर राहतं आणि महागाईची झळ गरिबाला बसते. लंडनच्या परीक्षकांनी तो प्रबंध आधी जसाच्या तसा स्वीकारला नाही, फेरलेखन करावं लागलं. प्रा. एडविन कॅनन यांनी ग्रंथाला प्रस्तावना दिली, त्यात आपले मतभेदही नोंदवले. शिक्षकाने मतभेद नोंदवून पाठ थोपटावी आणि विद्यार्थ्याने ते छापावं, ही रीत आपल्या विभागांत यायला हवी.

१९२५ मध्ये प्रांतिक वित्तावरचा ग्रंथ आला, आणि त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. १८३३ ला सगळी तिजोरी केंद्राकडे कशी गेली आणि १८७१ पासून प्रांतांना आधी नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेले कर, मग वाटून घेतलेले कर असं करत वाटा कसा मिळत गेला, त्याची ही कथा. ती मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने वाचलीच पाहिजे. अनुशेषाचा वाद म्हणजे दुसरं काय? वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल, १९९४ ची वैधानिक विकास मंडळं, नंतर विजय केळकर समिती. वरच्या तिजोरीतून खालच्याला किती आणि कोणत्या नियमाने, हाच तो प्रश्न. मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली, प्रश्नाची संपली नाही.

आता शेवटचा भाग, आणि आम्हाला सगळ्यांत काळजीचा वाटणारा. आज आपल्याकडे एम.ए.चा प्रकल्प कसा होतो? शीर्षक ठरलेलं : 'कृषी कर्जाचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ धाराशिव जिल्हा.' पन्नास प्रश्नावल्या. त्यातल्या काही खरोखर भरलेल्या. मग टक्केवारी, रंगीत वर्तुळं, आणि निष्कर्ष : शेतकऱ्यांना वेळेवर कर्ज मिळणे गरजेचे आहे. हे कळायला दोन वर्षं आणि पदवी कशाला हवी? पारावर बसलेला कुणीही सांगेल.

यात विद्यार्थ्याला बोल लावून भागणार नाही. बरीच मुलं दिवसा काम करून, नाहीतर पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत इथे नावापुरती एम.ए. करतात. इंग्रजीची धास्ती असते. 'फायनान्स' म्हणजे शेअर बाजार, आणि तो मुंबईत, असा समज असतो. हाच समज मोडायला आम्हाला हा प्रबंध उपयोगाचा वाटतो. वित्ताची भाषा धाराशिवला परकी नाही. तारण, बोजा, उचल, जामीन, हप्ता, सारा, जुडी हे शब्द इथल्या आजीलाही ठाऊक असतात. मार्चअखेर पीककर्जाचं 'नवं-जुनं' करतात, म्हणजे जुनं फेडल्याचं दाखवून नवं उचलतात. कंपनी सरकार मोठ्या प्रमाणावर साधारण तेच करत होतं, फक्त त्याला इंग्रजीत भारदस्त नावं होती. ज्याला नवं-जुनं समजतं त्याला सार्वजनिक कर्ज समजायला अडचण येऊ नये. अडचण येते कारण आम्ही शिकवणारे या दोन गोष्टी जोडून दाखवत नाही.

साहित्य म्हणाल तर ते हाताशी आहे. ग्रामपंचायतीचे नमुने, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प, जिल्हा वार्षिक योजना, अग्रणी बँकेची ठेवी आणि कर्जांची आकडेवारी, नाबार्डचा दरवर्षीचा जिल्हा पत आराखडा. तुळजापूरच्या देवस्थानाचा निजामकाळापासूनचा कारभार. २०२० च्या खरिपातल्या सोयाबीनच्या पीकविम्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही म्हणून भरपाई नाकारता येते का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. हप्ता कुणी किती भरला, शेतकऱ्याने, राज्याने, केंद्राने? भरपाई कुणाला किती? जोखीम कुणाकडे राहिली? तेच तीन प्रश्न. घेतलं कुणाकडून, गेलं कुठे, ओझं कुणावर. एका गावापुरती, एका हंगामापुरती उत्तरं शोधली तरी तो खरा प्रबंध होईल. चाळीस पानं पुरे.

आणि १९१५ च्या प्रबंधात जे राहिलं ते आपण सोडू नये. वहीत न दिसणारं काम मोजा. ऊसतोडीच्या कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला उचल मिळते, ती हिशेबात बहुधा पुरुषाच्या नावावर असते. बाईचे श्रम कुठल्या रकान्यात गेले? हा प्रश्न विचारायला परदेशी विद्यापीठ लागत नाही. रकाना रिकामा आहे हे ओळखण्याची नजर लागते, आणि एम.ए.ने तेवढी तरी द्यायला हवी.

पदवीबद्दल एवढंच म्हणू. त्या प्रबंधावर आंबेडकरांना जून १९१५ मध्ये एम.ए. मिळाली. शिष्यवृत्तीचे दिवस मोजके होते, बडोद्याच्या नोकरीचा करार डोक्यावर होता, तरी त्यांनी हिशेब तपासण्याची सवय सोडली नाही. ती त्यांना १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढच्या साक्षीला उपयोगी पडली आणि वतनदारांच्या परिषदेतही. आमच्या मते वित्त आणि अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाकडून मागावी ती ही सवय. ती नसेल तर सत्रं, श्रेयांक आणि गुणपत्रिका मिळतील, आणि आपली वही मात्र दुसराच कुणी लिहीत राहील. १८६० मध्ये निजामाने हिशेब मागण्याचा हक्क लिहून दिला होता. आपण तसं काही लिहून दिलेलं नाही, तेव्हा मागायला हरकत नाही.

इथे थांबतो. सहावा खंड ग्रंथालयात असेल तर काढा, नसेल तर मागणी नोंदवा, आणि पहिली चाळीस पानं आधी वाचा. तुमचे प्रश्न आता घेऊ.